सुनयनाचा राजीनामा

सुनयना मला आधी ऐकू आली, दिसली नंतर. मयूर विहारला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक प्ले-स्कूल चालतं. मी दूध घेऊन परत येत होते, तर गेटपाशी एक सावळी, ठेंगणी बाई एका मुलाच्या आईला ठासून सांगत होती, "मैडम, आप बिल्कुल टेन्शन मत लो. हमारे यहाँ बच्चों को कभी शिक्षा नहीं देते." त्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. महिन्याला एवढी फी भरायची आणि शिक्षण म्हणून द्यायचं नाही? मला राहवलं नाही. मध्ये पडून त्या आईला सांगितलं की मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा, ही म्हणतेय की आम्ही मुलांना मारत नाही. मग हिच्याकडे वळले आणि विचारलं, "कुठली गं तू?"

"खटाव तालुका, काकू," ती म्हणाली आणि खळखळून हसली. "तरी म्हटलं, बाई अशी का बघतेय माझ्याकडे."

तेव्हापासून ती माझ्या गळ्यात पडली. खरं सांगायचं तर मीच तिच्या. मी विजयालक्ष्मी, चौतीस वर्षं मिनिस्ट्रीत फायली ढकलून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. आमचे हे, उल्हास, गेल्यापासून घरात मराठी बोलायला भिंतीच उरल्या होत्या. माझा स्वभाव तापट आहे, सोसायटीत कुणालाही विचारा. सुनयनाला त्याचं काही वाटायचं नाही. मी ओरडले की ती म्हणायची, "चालू द्या काकू, माझी सासू यापेक्षा मोठ्याने ओरडते."

तिचा नवरा महेश सतरा वर्षं फौजेत होता. तो नोकरीत होता तोवर हे लोक कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचे. तिथे आजूबाजूला निम्मा सातारा, निम्मी सांगली, त्यामुळे सुनयनाच्या हिंदीला कधी घराबाहेर पडायची गरजच लागली नाही. महेश पेन्शनीत आला आणि गुरुग्रामला एका उंच टॉवरवाल्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर झाला. मुलगी रेवती इथल्या शाळेत रुळलेली, म्हणून गावी न जाता त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सुनयना बारावी झालेली, बालवाडीचा कोर्स केलेला. प्ले-स्कूलमधली नोकरी ही तिची आयुष्यातली पहिली नोकरी. पहिला पगार झाला तेव्हा मला मिठाई द्यायला आली आणि बँकेचा मेसेज तीनदा दाखवून गेली. कुठलं पोर कशाने रडतं आणि कशाने गप्प होतं, हे तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं. शाळेच्या मॅडमसुद्धा ती वही मागून न्यायच्या.

मग तीन वर्षांपूर्वीची संक्रांत आली. दिल्लीतले आम्ही मराठी लोक दरवर्षी चौदा जानेवारीला पानिपतला जातो. मंडळाची बस असते. यादी मी करते, वर्गणी मी गोळा करते, उशीर करणाऱ्यांवर ओरडते पण मीच. सुनयनाला मीच म्हटलं, चल, रेवतीला दाखवून आणू, पोरीला आपलं काही माहीतच नाही. महेशला ड्यूटी होती, म्हणून त्या दोघीच आल्या. परतताना हायवेवर एका ढाब्यापाशी बस थांबली. धुकं उतरायला लागलं होतं. सुनयना बाथरूमच्या रांगेत उभी होती आणि रेवतीचा हात माझ्या हातात होता. चहाचे पैसे द्यायला मी पर्स उघडली, त्यासाठी तो हात सोडला. तेवढ्यात सर्व्हिस रोडवरून, उलट्या बाजूने, दिवे न लावता एक पिकअप आली.

पुढचं मला सांगता येत नाही. रेवती आठ वर्षांची होती. उजवा पाय मांडीपासून गेला आणि डाव्या हाताची पकड गेली. हाताची पकड गेल्यामुळे तिला कुबड्यासुद्धा धड धरता येईनात. हॉस्पिटलमध्ये गाडीमालकाचा एक माणूस सफरचंदं घेऊन आला होता. "बात यहीं ख़त्म करते हैं," असं काहीतरी म्हणत होता. महेशने त्याला सफरचंदांसकट हाकलून दिलं.

शाळेच्या मॅडमनी सुनयनाची जागा महिनाभर रिकामी ठेवली. महिना झाल्यावर सुनयना स्वतःच गेली आणि राजीनामा देऊन आली. राहिलेला पगार आणि थोडं वर असे अठरा हजार त्यांनी चेकने दिले. ती वही तिने टेबलावर ठेवली आणि आली. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, "काकू, दिला." आणि रेवतीसाठी भात मऊ कसा करायचा ते विचारायला लागली. माझ्या हातातून हात सुटला, हे तिने मला त्या दिवशी म्हटलं नाही, नंतरही कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलंय.

नुकसानभरपाईची केस आमच्या बाजूच्या कोर्टात दाखल झाली. वकील मीच शोधली, साधना नावाची, चाळिशीची, कामाला चोख. पण केस सुरू झाली आणि माझं डोकं चालेनासं झालं. आयुष्यभर सरकारी कागद वाचलेत मी, कुठल्या ओळीत कोण सुटतो आणि कोण अडकतो हे मला वासावरून कळायचं. इथे काही म्हणजे काही कळेना. मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट आलं: उजव्या पायाच्या संदर्भात ऐंशी टक्के अपंगत्व, डाव्या हाताच्या संदर्भात चाळीस टक्के. मी बेरीज केली, एकशे वीस झाले. साधना म्हणाली, अशी बेरीज नसते आंटी, पूर्ण शरीराचा टक्का वेगळा, कमाईच्या क्षमतेचा वेगळा. मी विचारलं, पाय मांडीपासून नाही, मग उरलेले वीस टक्के कुठे आहेत? साधनाने हात टेकले. विमा कंपनीचे वकील म्हणत होते, सगळं मिळून चाळीस धरा. रेवतीने हे ऐकलं आणि मला विचारलं, "काकू, फोर्टी परसेंट म्हणजे पास की फेल?"

पुढे पोरीच्या उत्पन्नाचा प्रश्न. आठ वर्षांच्या मुलीचं उत्पन्न काय असणार? कंपनी म्हणे, उत्पन्न नाही तर नुकसान कसलं. साधना म्हणे, मोठी झाल्यावर निदान कुशल कामगाराची किमान मजुरी तरी मिळवली असती, तेवढी धरा. रेवती म्हणे, मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर होणार. तो आकडा कुठल्याच रकान्यात बसेना. एक रकाना लग्नाचाही होता, लग्नाची शक्यता कमी झाल्याबद्दल इतके इतके. ते वाचून मी साधनावर भडकले. ती शांतपणे म्हणाली, "आंटी, मुझ पर क्यों गुस्सा? नहीं माँगूँगी तो वो भी नहीं मिलेगा." हेही खरंच होतं. आता रागवायचं तरी कुणावर?

आणि पाय. मला वाटायचं, नकली पाय एकदा बसवला की झालं. पण वाढत्या पोरीला पाय पुरत नाही. दीड वर्षात तो आखूड झाला, ती एका बाजूला कलून चालायला लागली, कंबर दुखते म्हणून रडायला लागली. म्हणजे अठरा वर्षांची होईपर्यंत किती पाय? आणि त्यानंतर जन्मभर किती? कंपनीने पहिल्या पायाचं बिल मान्य केलं आणि म्हणाली, एकच बिल आहे ना फाइलीत. पुढच्या दहा वर्षांची बिलं आज कुठून आणायची, हे मला कुणी सांगेल का?

माझी साक्ष आधी झाली. कंपनीचं म्हणणं होतं की मुलगी अचानक धावली आणि मोठ्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे वकील अगदी गोड आवाजात म्हणाले, "माताजी, हाथ आपने छोड़ा था?" मी म्हटलं, हो. गाडी उलट्या बाजूने आली, दिवे बंद होते, हे मी दोनदा सांगितलं. तेही लिहिलं गेलं असणार. पण घरी येईपर्यंत माझ्या कानात तो 'हो' तेवढा राहिला.

पुढची तारीख सुनयनाच्या साक्षीची. चार दिवस आधी तिचा फोन आला. माझा गीझर बंद पडला होता, प्लंबर तिसऱ्यांदा टांग मारून गेला होता आणि मी वैतागलेली. ती म्हणाली, "काकू, राजीनाम्याला हिंदीत काय म्हणतात हो?"

"राजीनामाच," मी म्हटलं. "फारसी शब्द आहे गं तो, त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलाय. बिनधास्त बोल." आणि फोन ठेवला.

शब्द त्यांच्याकडूनच आला हे खरं. पण आपल्याकडे येऊन त्याचा अर्थ बदलला. इथे दिल्लीत, चौकीत आणि कोर्टात, राज़ीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही बाजूंनी लिहून देऊन मिटवलेलं भांडण. नोकरी सोडण्याला इथे इस्तीफ़ा म्हणतात. आणि हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. चौतीस वर्षं ऑफिसात मी इस्तीफ़ाच ऐकला, लोकांचे इस्तीफ़े माझ्याच टेबलावरून पुढे गेले. तरी त्या दिवशी तो शब्द मला का आठवला नाही, हे मला आजतागायत समजलेलं नाही. मराठीत विचारलं, मराठीत उत्तर दिलं, बस्स.

तारखेच्या दिवशी मी कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसले होते, रेवती माझ्या शेजारी. सुनयना निळी साडी नेसून, केस चापूनचोपून उभी. कंपनीचे वकील आधी तिच्या नोकरीबद्दल बोलले. कुठे होती, किती पगार. मग कागद चाळत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "दुर्घटना के बाद राज़ीनामा हुआ था कोई?"

"जी सर, हुआ था," सुनयना म्हणाली. "एक महीने बाद."

वकील थांबले. त्यांनी आपला खडा टाकून पाहिला होता, तो असा लागेल ही त्यांचीही अपेक्षा नसावी. "लिखकर?"

"जी. मैंने ख़ुद लिखा."

"किसी ने दबाव डाला?"

"नहीं सर. अपनी मर्ज़ी से."

"बदले में पैसे मिले?"

"अठारह हज़ार. चेक से."

न्यायाधीशबाईंनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, टायपिस्टने टाइप केलं: अपघातानंतर लेखी तडजोड झाली, साक्षीदाराने ती स्वखुशीने केली, तिला अठरा हजार रुपये मिळाले. सुनयनाने खाली सही केली.

त्या खोलीत दोन्ही भाषा पक्क्या येणारं मोठं माणूस मी एकटीच होते. मला समजायला हवं होतं. मला काय समजलं? की सुनयनाने अठरा हजारात पोरीचा पाय विकला. तो सफरचंदवाला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. महेश ड्यूटीवर असताना पुन्हा आला असेल, हिने घाबरून पैसे घेतले असतील. तीन मिनिटांत मी सगळी गोष्ट मनातल्या मनात रचून टाकली.

बाहेर आल्या आल्या साधना तिच्यावर उखडली. "राज़ीनामा कर लिया और मुझे बताया तक नहीं? ये सवाल तो वो हर केस में पूछते हैं. अब मैं क्या करूँ?"

सुनयना तिच्याकडे बघतच राहिली. "मैडम, आपको तो पहले दिन ही बोला था. पैसे का भी बोला था."

"मुझे? कब बोला?" साधनाला दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला होता. परवा चेंबरमध्ये या म्हणून ती तरातरा निघून गेली.

टॅक्सीत आम्ही तिघी घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. मी एक प्रश्न विचारला असता, अगं कसले अठरा हजार, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला राग आला होता आणि राग आला की मी विचारत नाही, ही माझी जुनी खोड. सुनयना बिचारी खिडकीतून बाहेर बघत होती. आपण खरं ते सांगितलं, मग वकीलबाई का चिडल्या आणि काकू का बोलत नाहीत, हे तिला कळत नव्हतं. रेवती एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी महेशचा फोन आला. "काकू, वकीलबाईंनी मला फोन केला होता. म्हणतात, तुमच्या बायकोने समझौता केलाय. हिला विचारलं तर नुसती रडतेय. म्हणते, मी जे आहे ते सांगितलं. मला काहीच समजेना."

"मला पण," मी म्हटलं. आणि वर म्हटलं, "घरात नीट विचार." हे मी म्हटलं. एका सरळ माणसाच्या मनात त्याच्याच बायकोबद्दल मी संशय घातला. ते आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सुनयना, डोळे सुजलेले. आत आली नाही. "काकू, मी काय चुकले ते तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली. "नोकरी सोडली ते सोडलीच ना मी? लपवायचं होतं का? राजीनाम्याला हिंदीत राजीनामाच म्हणतात, असं तुम्हीच मला सांगितलंत."

मी तिथेच, चपलांच्या स्टूलवर, मटकन बसले. डोक्यात कधी नव्हे तो लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात सगळ्यात आधी मीच दिसले. मी तिला दोन्ही अर्थ सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी काल कोर्टात सांगितलं की मी अठरा हजार घेऊन मिटवलं?"

"हो."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

मी खाली चपलांकडे बघितलं. ती आत आली, माझ्यासाठी पाणी घेऊन आली, आणि म्हणाली, "चला, वकीलबाईंकडे जाऊ. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

साधनाने कपाळाला हात लावला. मग ती कामाला लागली. साक्षीदाराला पुन्हा बोलवावं म्हणून अर्ज केला. शाळेच्या मॅडमनी राजीनाम्याची प्रत आणि चेकची नोंद दिली. मी प्रतिज्ञापत्र केलं की हा शब्द मी सांगितला, चूक माझी आहे. ऑफिसच्या काळातला जाडजूड मराठी शब्दकोश घेऊन गेले आणि राजीनाम्याचं पान झेरॉक्स करून जोडलं. कंपनीने विरोध केला. वकिलाने शिकवून आणलंय म्हणाले. एवढा मोठा क्लेम एका शब्दासाठी बुडतो की काय, या धास्तीत दोन महिने गेले. महेश रोज फोन करायचा आणि मी रोज त्याला सांगायचे की होईल, बिल्कुल होईल, आणि मला स्वतःला काडीचा भरवसा नव्हता.

शेवटी अर्ज मंजूर झाला. सुनयना पुन्हा तीच निळी साडी नेसून उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी स्वतःच विचारलं, "राज़ीनामा से आप क्या समझती हैं?"

"मैडम, जब नौकरी छोड़नी पड़ती है ना," सुनयना म्हणाली, "और लिखकर देना पड़ता है कि मैं अपनी मर्ज़ी से छोड़ रही हूँ. वो."

"तो अपनी मर्ज़ी से छोड़ी थी?"

"लिखना तो यही पड़ता है, मैडम."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टायपिस्टला सांगायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच कंपनीचे वकील उठले. तडजोडीचं त्यांच्या हातून निसटलं होतं, आता त्यांनी दुसरं टोक धरलं. साधनाने मुलीला सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च मागितला होता. ते म्हणाले, "आप माँ हैं. बच्ची की देखभाल तो आप वैसे भी करतीं. फिर अटेंडेंट का पैसा किस बात का?"

सुनयनाने क्षणभर मागे, आमच्या बाकाकडे पाहिलं. रेवती तेव्हा दहा वर्षांची झाली होती. मग ती वकिलांकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, दस साल की लड़की दरवाज़ा बंद करके नहाती है. मेरी वाली को मैं नहलाती हूँ. उसको अच्छा नहीं लगता, सर. मुझे भी नहीं लगता."

वकील खाली बसले. माझ्या शेजारी रेवतीने मान खाली घातली आणि फ्रॉकची कड चाळवत बसली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तिला ते आवडेल का, हे मला समजेना, म्हणून मी तशीच बसून राहिले.

निकाल सात महिन्यांनी आला. आकडा मी कुणाला सांगत नाही. सांगितला की लोक म्हणतात, अच्छा, बरे मिळाले की. रक्कम बँकेत, रेवती अठराची होईपर्यंत बांधून ठेवलेली, लागेल तशी थोडी थोडी सुटेल. पाय बदलायचे पैसे आहेत, पण साधनाने मागितले तेवढ्या वेळा नाहीत. टक्के कुठून कुठे गेले ते मला अजूनही समजलेलं नाही. कंपनी अपिलात जाईल म्हणतात. हे न्याय्य झालं का, असं मला विचारलंत तर मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. मला खरंच माहीत नाही.

निकालाची प्रत आली तेव्हा त्या दोघी माझ्याकडे आल्या. सुनयना मटार सोलायला बसली आणि म्हणाली, "काकू, पहिल्यापासून मराठीत सांगा. यावेळी एक शब्द चुकवायचा नाही." मी एकेक वाक्य वाचत, सांगत गेले. अडलं तिथे थांबून विचार केला, अंदाजाने काही बोलले नाही. सांभाळण्याच्या खर्चाचा परिच्छेद आला. त्यात लिहिलं होतं की मुलीच्या आईने तिच्या देखभालीसाठी आपली नोकरी सोडली आणि आई आहे म्हणून तिच्या कामाची किंमत शून्य धरता येणार नाही. मी तो दोनदा वाचला. सुनयनाने मटारावरची मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

रेवती टेबलाच्या पलीकडे बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे आईने माझ्यामुळे जॉब सोडला."

"तुझ्यामुळे नाही," सुनयना म्हणाली. "त्या पिकअपमुळे. काकू, ते कुठे लिहिलंय, दाखवा तिला. तिचं तिला वाचू दे."

मी मागची पानं उलटली, ती ओळ शोधली आणि प्रत तिच्यापुढे सरकवली. रेवतीचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. ओळीवर बोट ठेवून तिने मोठ्याने वाचलं की अपघात संपूर्णपणे त्या वाहनाच्या चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, मुलीकडे किंवा तिच्यासोबतच्या कुणाकडेही त्याचा दोष जात नाही. वाचून झाल्यावर तीच ओळ तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे काकू, तुमची पण चूक नाही?"

तीन वर्षं तिने हे मला विचारलं नव्हतं. सुनयनानेच उत्तर दिलं, मटाराची शेंग मोडता मोडता.

"नाही," ती म्हणाली. "काकूंची पण नाही. वाच पुढे."